नंतर सांगते

ती त्या ऑफिसात आली तीच मुळी कुणाच्या तरी बदली. नेहमीची दुभाषी तापाने आडवी झाली, आणि संस्थेतून फोन आला, "एकच दिवस जा. एकच कर्णबधिर माणूस आहे. साहेब बोलतील ते खुणांनी सांगायचं, बस्स."

ऑफिस इमारतींचे आराखडे काढणारं, आणि तो एकच माणूस म्हणजे तिथला नकाशेवाला. टेबलापलीकडे बसला होता. बाहीला पेन्सिलीचे डाग... आणि नजर अशी थेट, की तिचे हात सुरू होण्याआधीच अडखळले.

साहेब उठले. "आपल्याला सिनर्जी साधायची आहे! आउट ऑफ द बॉक्स विचार करून, गोइंग फॉरवर्ड, नेक्स्ट लेव्हलला जायचं आहे!"

आता सिनर्जीला खूण कुठून आणायची? तिने 'सगळ्यांनी मिळून काम करू' असं भागवून नेलं. पण साहेबांची गाडी फिरून फिरून सिनर्जीवरच येई. शेवटी हात दुखून आले आणि त्या हातांनी खरं ते सांगून टाकलं, "पुन्हा तेच दळण."

नकाशेवाला खदाखदा हसला. स्वतःचं हसू किती मोठं आहे हे त्याला कुठे कळणार?

साहेब खूश! "बघा, यांच्यापर्यंत पोचलं! तुमच्यापर्यंत कधी पोचणार?"

दुसऱ्याच दिवशी नकाशेवाल्याने संस्थेला कळवलं, दर सोमवारी हिलाच पाठवा.

मग दोघांची एक खूण ठरली. पोकळ शब्द आला, की तळहात ओठांपाशी न्यायचा आणि धूळ उडवावी तशी हलकी फुंकर मारायची. साहेबांच्या भाषणात ती इतक्या वेळा फुंकर मारू लागली, की हिशेब बघणाऱ्या बाईंनी एकदा काळजीने विचारलं, "हाताला चटका बसलाय का गं?"

सोमवार असा जायचा. बाकीचे दिवस मात्र जाता जात नसत. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं वाहणारे हात संध्याकाळी घरी आले की मांडीवर नुसते पडून असत. ताईचा फोन यायचा, "काळजी घे हं, लव्ह यू, ठेवते!" हे एका दमात, हिने 'हो' म्हणायच्या आत. आणि ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो 'तू खूप चांगली आहेस, तुला माझ्यापेक्षा चांगला मिळेल' असं म्हणून गेला होता. तेव्हापासून गोड शब्द ऐकला की तिच्या अंगावर काटाच यायचा. खोलीत मग दिवा लावायचाही कंटाळा येई. कोणासाठी लावायचा?

एका सोमवारी कॅन्टीनमध्ये तिने विचारलं. खुणांत 'तुम्ही' आणि 'तू' वेगळं नसतंच. बोट समोर केलं की झालं.

"तुला कुठल्या शब्दाचा सगळ्यात राग येतो? सिनर्जी?"

त्याने कप खाली ठेवला. बोलायचं तर हात मोकळे हवेत. "अंहं. 'नंतर सांगते'."

"हा काय शब्द झाला?"

"घरी जेवताना सगळे हसतात. मी विचारतो, काय झालं? आईचे ओठ म्हणतात, काही नाही रे, नंतर सांगते. आईने माझं सगळं केलं. फक्त ही भाषा तेवढी शिकली नाही. लहानपणापासूनच्या सगळ्या विनोदांची थकबाकी आहे माझी. ते 'नंतर' कधी आलंच नाही."

"मी नाही हं असं म्हणणार," ती म्हणाली. "कधीच."

"बघू," तो डोळे बारीक करून म्हणाला. "तूही कुणाच्या तरी घरातलीच ना."

"माझ्या घरात मी एकटीच आहे. कुणाला सांगू, नंतर?"

तो हसला नाही. नुसता बघत राहिला... आणि तिने उगाचच चहा ढवळला.

पुढे एका मीटिंगमध्ये साहेब भलतेच रंगात आले. "राइटसायझिंग, म्हणजे माणसं कमी करणं, हे संकट नव्हे, संधी! आपले नकाशेवाले पुढच्या आठवड्यापासून लांबच्या शाखेत जाऊन नव्या क्षितिजाकडे झेप घेणार आहेत!"

टाळ्या पडल्या. सगळे त्याच्याकडे वळले. तो तिच्याकडे वळला. काय म्हणाले?

साध्या भाषेत ते एवढंच होतं, 'तुला इथून पाठवताहेत.' तिने हात उचलले. सोमवार गेला, कॅन्टीन गेलं, फुंकर गेली... हात हवेतच थिजले. आणि मग त्या हातांनी खूण केली, "नंतर सांगते."

त्याने ती पाहिली. बदलीची बातमी त्याने बाहेरच्या सूचनाफलकावर वाचली. त्यानंतर तो तिच्याकडे बघेना. डोळ्यांनी ऐकणाऱ्याने डोळेच फिरवल्यावर बोलायचं तरी कसं? तिने घरी जाऊन भिंतीसमोर हात हलवले, "चुकले रे." भिंत काय बोलणार!

निरोपाच्या दिवशी तो बोलायला उभा राहिला. दुभाष्याचा नियम असा, की समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं, काही गाळायचं नाही. तो नियम तिने एकदा मोडला होता. आज त्याचे हात हलू लागले, आणि तिचा आवाज त्यांच्या मागून निघाला.

"मी इथे पुष्कळ नकाशे काढले. तुम्ही सगळी चांगली माणसं आहात." साहेबांनी मान डोलावली. "पण मला सगळं सांगणारं एकच माणूस इथे भेटलं. एकदाच ती म्हणाली... नंतर सांगते."

तिने काही गाळलं नाही.

"मी रागावलो होतो. आता राग नाही. उद्या मी जातो आहे. ते 'नंतर' कधी येणार, एवढं तिने सांगावं."

ती सगळ्यांकडे पाठ करून त्याच्यासमोर उभी राहिली. आता फक्त हात बोलत होते.

"तू जाणार हे सांगायला हात उठले नाहीत माझे. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. घरी माझ्याशी बोलायला कोणी नाही रे. मी सोमवारच्या जिवावर जगते. माझं तुझ्यावर प्रेम आहे. झिजलेला शब्द आहे, ठाऊक आहे. पण माझ्याकडे दुसरा नाही."

त्याने तळहात ओठांपाशी नेला.

तीच, पोकळ शब्दाची खूण.

पण त्याने फुंकर मारली नाही. तोच हात अलगद छातीवर ठेवला. मग म्हणाला, "शाखा लांब आहे. पण फोनवर दिसशील ना, रोज?"

"दिसेन."

"मग संध्याकाळी दिवा लाव. अंधारात तुझे हात कसे ऐकू येणार मला?"

साहेबांना राहवेना. ते पुढे झुकले. "अहो बाई, काय चाललंय? आम्हालाही कळू द्या की!"

त्याच्यावरची नजर न काढता ती बोलली. तोंडाने, आणि त्यालाही कळावं म्हणून हातांनीसुद्धा.

"नंतर सांगते, साहेब."

आणि नकाशेवाला पुन्हा खदाखदा हसला.