पिवळ्या गाडीची डावी सीट

वैशाखात धुळ्यात पाऊस पडतो तो एकाच ठिकाणी — देवपुरात, दिपमालाच्या फुलांच्या दुकानासमोर. पाठीवर फवारणीचा पंप, हातात नळी आणि समोर टोपल्यांतून मांडलेले झेंडू, शेवंती, निशिगंध. थोड्या थोड्या वेळाने ती सगळ्यांवर बारीक पाणी मारायची, नाहीतर संध्याकाळच्या लग्नापर्यंत फुलांनी माना टाकल्याच म्हणून समजा. त्या दुपारीही ती पाणी मारत होती आणि त्याच वेळी दुकानात हार ओवत बसलेल्या बेबाबाई मावशीशी भांडतही होती. तोंड मागे, हात पुढे. त्यामुळे टोपल्यांच्या पलीकडे हळदीच्या रंगाची एक गाडी येऊन उभी राहिली आणि तिच्यातून एक माणूस उतरला, हे तिला कळलंच नाही.

"अहो... अहो बाई, मी झेंडू नाहीये!"

ती गर्रकन वळली. समोर एक तरुण उभा होता, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला. पापण्यांवर पाणी, मिशीवर पाणी, आणि कडक इस्त्रीचा शर्ट अंगाला चिकटून बसलेला. दिपमालाने जीभ चावली.

"सॉरी हं भाऊ! खरंच दिसला नाहीत."

"मी नाही दिसलो, ते समजू शकतो. पण ही?" त्याने मागच्या गाडीकडे बोट केलं. "ही न दिसणाऱ्या अख्ख्या धुळ्यात तुम्ही पहिल्या."

बोलणं खरं होतं. दोनच सीटची, छत मागे दुमडलेली, जमिनीला पोट टेकवून बसल्यासारखी ती स्पोर्ट्स कार बघायला समोरचा रसवंतीवाला चरकात ऊस तसाच सोडून रस्त्यावर आला होता.

"गाडी सजवायचीय. संध्याकाळी वरात आहे."

"तुमची?"

"गाडी माझी. वरात दुसऱ्याची." केसांतलं पाणी झटकत तो हसला. "माझी ठरली की आधी तुम्हालाच सांगेन. पाणी मारायला लागेल ना."

त्या दिवशी दिपमालाने बोनेटवर निशिगंधाच्या दोन सरी जास्तीच्या सोडल्या. मावशीने ते पाहिलं. मावशीच्या नजरेतून काय सुटतं!

त्याचं नाव भूषण. नरडाण्याच्या कारखान्यात त्याने बरीच वर्षं काढली, हौसमौज बाजूला ठेवली आणि सुरतच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाने कंटाळून विकायला काढलेली ही विलायती गाडी घेतली. आई म्हणाली, याच्यापेक्षा ट्रॅक्टर घेतला असतास तर! पण बघता बघता पिवळी गाडी लग्नांना जायला लागली. वरातीत नवरदेव स्वतः चालवणार आणि शेजारी नवरी बसणार, असा तिचा थाट. आता नवरदेवाला कुठली असली गाडी येते? म्हणून भूषण दाराला हात लावून गाडीसोबत पायी चालायचा आणि दर चार पावलांना हळूच म्हणायचा, "ब्रेक... ब्रेक, नवरदेव." खान्देशातल्या किती तरी संसारांची पहिली वाट तो असा पायी चालला होता.

गाडीचा एक कडक नियम होता. डावी सीट नवरीची. तिच्यावर दुसरं कुणी बसायचं नाही. मित्र नाही, पाहुणा नाही, खुद्द आईसुद्धा नाही. ती बिचारी रिक्षाने फिरायची आणि वाटेत लेकाच्या नावाने बोटं मोडायची.

त्या पहिल्या दुपारनंतर भूषणची प्रत्येक वरात दिपमालाच्या दुकानावरून जायला लागली. गाडी सजवायला घटकाभर पुरायची, पण हे दोघं दुपार लावायचे.

"भूषणभाऊ, तो दोरा धरा."

"धरतो. पण ते भाऊ तेवढं काढ ना."

"मग काय म्हणू? आबा?"

"काही म्हणू नकोस. नुसतं बघितलंस तरी मी धरतो दोरा."

ती मान खाली घालून गाठ मारायची. बोटं सराईत असायची, पण अशा वेळी गाठ काही केल्या बसायची नाही.

डाव्या सीटवर ती न चुकता मोगऱ्याचा एक गजरा ठेवायची. तो हिशेबात नसायचा. एकदा गजरा ठेवता ठेवता ती सहज म्हणाली, "मी बसून बघू का हो इथे? जरासं?"

भूषणने तिच्याकडे पाहिलं. मग गाडीकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

"नाही," तो म्हणाला. आणि हळूच, "...अजून नाही."

त्या 'अजून'ने दिपमालाची झोप उडवली. दिवसभर ती त्या एका शब्दाभोवती फिरत राहिली, मनातल्या मनात हसत राहिली. मावशी हार ओवता ओवता आपल्या अहिराणीत, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "पोऱ्या चांगला शे. पन त्याना जीव गाडीम्हा शे, माय." त्याचा जीव गाडीत आहे, हे दिपमालालाही दिसत होतं.

दिवस असे फुलांच्या वासात चालले होते, आणि पुनमचं लग्न आलं. पुनम दिपमालाची कॉलेजातली मैत्रीण. पिवळ्या गाडीतूनच वरात हवी म्हणून तिने घरात दोन दिवस अबोला धरला होता. दिपमालाने त्या दिवशी सगळी कला पणाला लावली. सजवून झालं, आणि शेवटचा गजरा ठेवायला ती डाव्या सीटवर वाकली, तशी थबकली.

निशिगंध होता, मोगरा होता... आणि त्यांच्या खालून आणखी एक वास येत होता.

"भूषणभाऊ, पेट्रोलचा वास येतोय."

त्याने नजर चुकवली. शेवटी त्याने खिशातून मोबाइल काढून तिच्यापुढे धरला. गाडीच्या कंपनीचा निरोप होता. या मॉडेलच्या सगळ्या गाड्या परत मागवल्या होत्या. डाव्या सीटखालून जाणारी पेट्रोलची नळी कडक उन्हाने तडकते, ठिणगी पडली तर गाडी पेट घेऊ शकते. मॉडेल बंद झालंय, सुटा भाग मिळणार नाही. गाडी परत द्या, मोबदला घ्या.

"हे तुम्ही खिशात घेऊन फिरताय?"

"मेकॅनिकने पट्टी मारलीय नळीला. आणि वरात ती काय, चालीने चालते. काही होत नाही गं."

"वरातीत फटाके असतात," दिपमाला म्हणाली. "आणि त्या सीटवर पुनम बसणार आहे."

"दिपमाला, तुला कळत नाही. गाडी गेली तर..." तो थांबला.

"तर काय?"

"...काही नाही."

तिने कात्री घेतली आणि स्वतःच्या हाताने लावलेली सगळी फुलं सरासर उतरवली. भूषण बघत राहिला. अडवावं असं त्याच्या हाताला वाटलं असेल, पण पाय जागचे हलले नाहीत. फुलांचा भारा उचलून ती आपल्या छोट्या टेम्पोपाशी गेली. रोज बाजारातून फुलं आणणारा, एका बाजूने पोचे पडलेला तो टेम्पो. तासाभरात त्याचे पोचे दिसेनात, की रंग दिसेना. मागच्या हौद्यात दोन खुर्च्या मांडल्या, वर निशिगंधाचं छत केलं. पुनम आधी रडवेली झाली, मग चढून बसली, आणि बसल्यावर म्हणाली, "अगं, इथून तर मी सगळ्यांना दिसते!" तिचा पिवळ्या गाडीचा हट्ट तिथेच मिटला.

टेम्पो दिपमाला चालवत होती. बँड वाजत होता, पोरं नाचत होती. आणि सवयीने भूषण दाराला हात लावून शेजारी पायी चालत होता.

"ब्रेक," तो म्हणाला.

"मला येतं चालवायला."

"माहितीय. तोंडातून गेलं."

तेवढ्यात एक फटाका वाकडा उडाला. ठिणग्या टेम्पोवर आल्या आणि ओल्या झेंडूंवर चर्रकन विझल्या. पुनम हसत होती, तिच्या लक्षातही आलं नाही. पण भूषणचा दारावरचा हात घट्ट झालेला दिपमालाने पाहिला. पुढे लग्नघर येईपर्यंत तो एकदाही 'ब्रेक' म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला, तो गाडीशिवाय. पालथ्या घातलेल्या टोपलीवर बसला आणि बराच वेळ टोपलीची काडी उकलत राहिला.

"ठेवू की देऊ? तू सांग."

"मी? गाडी तुमची."

"म्हणूनच मला ठरवता येत नाही. वरातीला नाही काढणार, ते ठरलं. पण अंगणात उभी ठेवली तर? नुसती पुसायला... कधीमधी सजवायला." त्याने मान वर केली. "दिली, तर मग देवपुरात माझं काय काम उरलं, दिपमाला?"

हाच हिशेब तिनेही रात्रभर केला होता. गाडी आहे तर वरात आहे, वरात आहे तर दोरा धरायला तो आहे. गाडी गेली की हा माणूस पांझरा नदीच्या पुलापलीकडे राहील आणि ती अलीकडे. 'ठेवा' एवढाच शब्द म्हणायचा होता. जिभेवर आला होता. पण गाडी अंगणात उभी राहिली, की कुणीतरी नवरी कधीतरी हट्ट धरणार, आणि या मऊ मनाच्या माणसाला 'नाही' म्हणता येणार नाही, हेही तिला दिसत होतं.

"द्या," ती म्हणाली. "देऊन टाका, भूषणभाऊ."

तो उठला, मान डोलावली आणि गेला. ती बादल्या घासायला बसली. मावशी शेजारी येऊन उभी राहिली.

"रडी ऱ्हायनी का व माय?"

"नाही गं. पाणी उडालं."

"आते पानी बी खारं व्हयी गयं का?"

कंपनीचा ट्रक गाडी न्यायला जळगावपर्यंतच येणार होता. पहाटेच्या गारव्यात, सावकाश, एकट्याने आणा, असं फोनवर सांगितलं होतं. भूषण निघताना दुकानासमोर थांबला. दिपमाला टेम्पो काढून तयार उभी होती, शेजारच्या सीटवर वाळूची बादली घेऊन.

"हे काय?"

"मागे मागे येते. पेटलीच तर विझवायला."

तो हसला, पण डोळे हसले नाहीत. तिने गजरा पुढे केला आणि धीर करून म्हणाली, "टेम्पो मावशीचा भाचा आणेल मागून. मी... बसू का आज डावीकडे? शेवटचंच तर आहे."

"नाही."

"आजही नाही?"

"नाही म्हणजे नाही, दिपमाला."

एवढं तोडून तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. तिने गजरा सीटवर जवळजवळ टाकलाच, आणि टेम्पोचं दार असं आपटलं की रसवंतीवाला जागा झाला. कुणासाठी राखून ठेवलीय एवढी? असेल कुणी. आपण कोण विचारणार? पारोळा गेलं, एरंडोल गेलं, आणि सगळी वाट तिला समोर तेच दिसत होतं. पिवळी गाडी, उजवीकडे त्याची पाठ, आणि डावीकडे रिकामी सीट.

जळगावात गाडी ट्रकवर चढली. भूषणने सही केली, बोनेटवरून एकदा हात फिरवला, डाव्या सीटवरचा गजरा उचलला आणि ट्रक निघून गेला तरी तो तिथेच उभा राहिला. हातात गजरा घेऊन भर उन्हात असा उभा राहिलेला माणूस बघून तिचा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

"भूषण," तिने हाक मारली.

तो चमकून वळला. "काय म्हणालीस?"

"काही नाही. चला, ऊन वाढतंय."

"भाऊ कुठे गेला?"

"ट्रकमध्ये," ती म्हणाली, आणि लाजून दुसरीकडे बघायला लागली.

तो जवळ आला. "रागावलीस ना सकाळी? ऐक. ती सीट मी इतकी जपली, ती कुणासाठी ते मला आधी माहीतच नव्हतं. मग तू अंगावर पाणी मारलंस, आणि कळलं. कधी विचारायचं ते ठरवत होतो... आणि नेमकी तीच सीट पेटणारी निघाली." "पुनमच्या वरातीत ठिणग्या उडाल्या, तेव्हा मला त्या डाव्या सीटवर पुनम दिसली नाही. तू दिसलीस. बसू का म्हणून विचारणारी. तुला तिथे घडीभरही बसवणार नव्हतो मी. मग गाडी राहो नाहीतर जावो."

दिपमालाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. या वेळी उडालं वगैरे म्हणायची सोय नव्हती.

ती टेम्पोपाशी गेली. डावीकडचं दार उघडलं. वाळूची बादली उचलून मागच्या हौद्यात ठेवली. ओढणीने सीट पुसली, अगदी कोपऱ्यापर्यंत.

"बसा," ती म्हणाली. "पण आमच्या टेम्पोचाही नियम आहे. या सीटवर एकदा बसलेला माणूस दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसत नाही."

भूषण बसला. गुडघे समोर टेकले, डोकं टपाला लागलं, तरी असा ऐसपैस बसला, जणू जन्मभर इथेच बसत आलाय. गजरा त्याने तिच्या हातात दिला. तिने तो केसांत माळला, आरशात बघून, आरशात त्याच्याकडे बघून.

टेम्पो धुळ्याच्या रस्त्याला लागला.

"हळू चालव," तो म्हणाला.

"हळूच तर चालवतेय."

"अजून हळू. वरातीच्या चालीने."

तिने खरंच वेग कमी केला. मागून एक ट्रक आला, त्याच्यामागे दुसरा, आणि दोघांनी मिळून हॉर्नचा गदारोळ उडवला. दिपमाला गडबडून गाडी कडेला घ्यायला लागली, तर भूषणने खिडकीतून हात बाहेर काढला आणि ट्रकवाल्यांना जोरात ओरडून सांगितलं, "वाजवा रे, वाजवा! बँड सांगायचा राहिलाच होता."