माहुताची शिकवणी

गल्लीत दुधाची किटली वाजली की गाडी ब्रेक मारायची. आता गाडी म्हणायची ती काय, तर पत्र्याच्या शेडमध्ये चार स्टँडवर चढवलेला पाइपांचा सांगाडा. ना दार, ना टप, ना काच. चाकं जमिनीपासून वीतभर वर, हवेतच फिरत असायची. कोपऱ्यावरून गवळ्याची सायकल आली, किटली खणखणली, की चारही चाकं जागच्या जागी थांबायची आणि त्रिशला मगदूम हातातला पाना खाली ठेवून कपाळाला हात लावायची.

"हिला अजून दूध संघातच नोकरी आहे असं वाटतंय," ती म्हणाली.

"सून आणल्यागत झालंय की गं हे," हसीना मुजावर वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवत म्हणाली. शिरोलीच्या वर्कशॉपमध्ये दोघी जोडीनं काम करायच्या, तेव्हापासूनची ही मैत्रीण. "माहेरच्या सवयी मोडायला येळ लागतोय. धीर धर जरा."

धीर धर म्हणायला हसीनाचं काय जातंय, असं त्रिशलाच्या मनात आलं. पण हसीना रोज स्वतःचं काम आटपून इथं वेल्डिंगला यायची, म्हणून तिनं परत पाना उचलला.

तसं बघितलं तर गाडीची काही चूक नव्हती. सांगाडा, फायबरचे पत्रे, नटबोल्ट असं सगळं किटमधून नवं आलं होतं. पण मागचा ॲक्सल, स्प्रिंगचे पाटे, स्टिअरिंग आणि मोटर ही पन्हाळ्याकडच्या गावांतून दूध गोळा करणाऱ्या एका जुन्या व्हॅनची होती. व्हॅन नियमाप्रमाणे मोडीत निघाली आणि त्रिशलाची दाता गाडी झाली. तिच्यातूनच माहूतही आला.

माहुताचं कागदावरचं नाव 'अनुभवसिद्ध चालन-संच' का असलंच काहीतरी लांबलचक होतं. लोकांनी माहूत म्हटलं आणि तेच चिकटलं. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, तिला दोन डोळे, दोन कान आणि एक हिरवा दिवा. आधीच्या आपोआप चालणाऱ्या गाड्यांना नियम पाठ करायला लावायचे. आपल्या रस्त्यांवर त्या नियमांचा काय फज्जा उडाला ते सगळ्यांनी पाहिलं. माहुताला कुणी काही पाठ करायला लावत नाही. तो मालकाकडे बघत बसतो. मालक पाय कधी दाबतो, नजर कुठे टाकतो, कुठल्या आवाजाला दचकतो आणि कुठला कानाआड करतो, हे सगळं तो वर्षानुवर्षं टिपतो आणि हळूहळू त्या माणसासारखा होऊन जातो. म्हणूनच गाडी भंगारात गेली तरी माहूत कुणी टाकून देत नाही. घरी गाडी जोडणाऱ्यांना परवानगी मिळायची तीही याच अटीवर: माहूत दाता गाडीचाच हवा, आणि रस्त्यावरच्या परीक्षेआधी काही महिने तो नव्या मालकाच्या जवळ, जागा ठेवलेला हवा. याला शिकवणी म्हणत. मालकानं सीटवर बसून हवेतल्या चाकांना ब्रेक लावायचा, गाडीभोवती वावरायचं, आपली कामं करायची, आणि माहुतानं ते बघत राहायचं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर शेडला लागून असलेल्या खोलीत पलंगावर पडलेल्या धन्यकुमारसाठी.

धन्यकुमार म्हणजे त्रिशलाचा नवरा. ओतकामासाठी लाकडी साचे करण्यात त्याचा हात धरणारा उद्यमनगरात कुणी नव्हता. एका सकाळी दाढी करता करता तो खाली बसला तो उठलाच नाही. उजवं अंग गेलं आणि भाषाही गेली. नुसता एक शब्द मागे राहिला. अगं.

डॉक्टर म्हणाले, असं होतं, सगळं पुसलं जातं आणि जन्मभराच्या सवयीचा एखादाच शब्द जिभेवर राहून जातो. भेटायला आलेल्या नणंदेनं डोळ्यांना पदर लावला. "बघ वहिनी, दादा तुलाच हाक मारतोय," म्हणाली, आणि चहा पिऊन गेली. हाक ऐकायला मागे राहिली त्रिशला. अगं म्हणजे पाणी. अगं म्हणजे कूस बदल, पंखा लाव, पंखा बंद कर, नाकावर माशी बसली आहे, भांडं दे. आणि कधी कधी अगं म्हणजे काहीच नाही.

मिरजेच्या दवाखान्यात त्याच्या वाचेवर आणि हातापायांवर उपचार होते, लवकर सुरू केले तर गुण येईल असं सांगितलं होतं. पण न्यायचं कसं? रिक्षावाले त्याची चाकाची खुर्ची बघूनच हात हलवून पुढे जायचे. दर खेपेला दोन गड्यांना गोळा करून त्याला उचलून ठेवायचं, आणि तो मान खाली घालायचा. चाकाची खुर्ची थेट आत जाईल अशी तयार गाडी घेणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. तेव्हा तिनं ठरवलं की आपण जोडू. हातात कसब आहे, शेड आहे, हसीना आहे. नव्हता तो फक्त अंगात जीव.

ती थकली होती. एका दिवसाचा हा थकवा नव्हता, झोप झाली तरी न जाणारा होता. सकाळी त्याची अंघोळ, कपडे, चहा, औषधं, भरवणं, मग शेड, मधूनच स्वयंपाक, परत शेड. सुरुवातीला खिडकीतून अगं आलं की ती हातातलं टाकून धावायची. पुढे तिला सूर ओळखू यायला लागले. पाण्याचं अगं शेवटी वर चढायचं. दुखण्याचं मधेच तुटायचं. कुठलं अगं थांबू शकतं हे तिला कळायला लागलं, आणि मग थांबू शकणाऱ्या हाका वाढतच गेल्या.

त्यातली एक हाक तिला कधीच उलगडली नाही. खालच्या सुरातली, लांबलेली, बहुतेक उन्हं उतरायच्या वेळची. ती जाऊन विचारायची, पाणी? नाही. भांडं? नाही. पाय दुखतो? नाही. तो डावा हात तिच्याकडे करायचा, मग दाराकडे करायचा, परत तिच्याकडे. "अहो, मला काही कळत नाही, देवा," ती म्हणायची. तो चिडायचा, मग तीही चिडायची. असं पुष्कळदा झालं. शेवटी त्या हाकेला ती जाईनाशी झाली. शेडमध्ये रेडिओ होता. हाक आली की ती त्याचा आवाज थोडा वाढवायची.

मगदुमांच्या जैन घरात सूर्य मावळल्यावर कुणी जेवत नाही. धन्यकुमार तर लहानपणापासून कडक, आणि आजारपणात तर जास्तच, कारण स्वतःच्या हातात राहिलेली ती एवढीच गोष्ट होती. मागचा ॲक्सल बसवला त्या संध्याकाळी दोघी घामाघूम झाल्या होत्या. खिडकीतून अगं आलं. त्रिशलानं कोपरानंच रेडिओ वाढवला आणि परत बोल्ट आवळायला वाकली. मान वर केली तेव्हा गल्लीतले दिवे लागलेले होते. ती ताट घेऊन धावत गेली. त्यानं खिडकीबाहेरचा अंधार पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

तिला रडू आलं नाही, राग आला. एक दिवस दिव्याच्या उजेडात दोन घास खाल्ले असते तर काय आभाळ कोसळणार होतं? पण तिनंही ताट झाकून ठेवलं आणि तशीच आडवी झाली. भिंतीपलीकडे माहुताचा हिरवा दिवा चालू होता, कारण शिकवणीला सुट्टी नसते.

टप बसला, दारं बसली, मागे खुर्ची चढवायची उतरण बसली. किटलीची खोडही एके दिवशी गेली. गवळी शेडच्या दारावरून किटल्या वाजवत गेला आणि चाकं फिरतच राहिली, तेव्हा हसीनानं जाऊन पेढे आणले.

परीक्षा घ्यायला आलेला अधिकारी तरुण होता. तो तिच्या शेजारी बसला. गाडी त्यानं मधे तिच्या हातात, मधे माहुतावर ठेवली, आणि रंकाळ्याच्या बाजूनं गर्दीतून फिरवून आणली. म्हैस आडवी आली, लग्नाची वरात आली, उलट्या बाजूनं मोटरसायकली आल्या.

"बाई, किती मन लावून शिकवलंय तुम्ही याला," तो सही करता करता म्हणाला. "तुमची बारीकसारीक सवय उचलली आहे त्यानं. मधे तुम्ही चालवत होता, मधे तो. मला फरक कळला नाही."

किती तरी दिवसांनी कुणी तिचं कौतुक करत होतं. घरी येऊन तिनं ते धन्यकुमारला दोनदा सांगितलं. त्यानं डाव्या हातानं तिच्या पाठीवर थोपटलं.

नव्या गाडीनं मिरजेच्या पहिल्याच खेपेला सगळं सुरळीत झालं. खुर्ची उतरणीवरून आत गेली, खिट्ट्या बसल्या, कुणाच्या हातापाया पडावं लागलं नाही. दवाखान्यात मात्र दिवस गेला. या खोलीतून त्या खोलीत, हा कागद तिकडे, तो इकडे. दुपारी तिनं त्याला डब्यातली अर्धी भाकरी आणि मुगाची उसळ भरवली, तोवर नाव पुकारलं गेलं. परत निघाले तेव्हा उन्हं कलली होती. जयसिंगपूर मागे पडलं. दोन्ही बाजूंना ऊस, गाडीतला रेडिओ बारीक चालू, गाडी आणि तिची सगळी बटणं माहुताच्या हातात. त्रिशलाचे डोळे मिटले.

"अगं."

तिला झोपेत ऐकू आलं. गाडी आता बाजूला थांबेल, असं तिला वाटलं. मागे बसलेल्या कुणी हाक मारली की माहूत मालक करतो तेच करतो, हे तिला ठाऊक होतं. गाडी थांबली नाही. रेडिओ थोडा मोठा झाला.

"अगं."

रेडिओ आणखी मोठा झाला. ती सावरून बसली. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. बटणाला तिनं हात लावला नव्हता.

तिनं वरच्या आरशात पाहिलं. धन्यकुमार तिच्याकडे बघत नव्हता. तो रेडिओकडे बघत होता. त्यानं परत हाक मारली, हळू, नुसती बघायला म्हणून, आणि गाण्याचा आवाज तेवढाच चढला. मग त्याची नजर तिच्याकडे आली. महिनोन्‌महिने तो खिडकीखाली पडून गाणी मोठी झालेली ऐकत होता. हिला गाण्याची आवड लागली, असंच बिचाऱ्याला वाटलं असेल. आता त्याला कळलं, हे तिला आरशात स्वच्छ दिसलं. त्रिशलाला वाटलं, ही गाडी आत्ता इथंच उलटावी आणि मी एकटीच तिच्याखाली सापडावं.

तिनं स्टिअरिंग हातात घेतलं, ब्रेक मारला, गाडी उसाच्या कडेला उभी केली, रेडिओ बंद केला आणि मागे गेली.

"अहो, काय होतंय? पट्टा रुततोय? पाणी देऊ?"

त्यानं मान हलवली. तिनं डबा काढला. सूर्य अजून उसाच्या शेंड्यावर होता. तिनं घाईघाईनं भाकरीचा तुकडा मोडला, उसळीत बुडवला, त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं ओठ मिटले. "आता का? अजून आहे की दिवस," ती म्हणाली. त्यानं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. तो घास त्यानं तिच्याच तोंडाकडे वळवला.

"अगं," तो म्हणाला. खालच्या सुरात, लांबवून. ती न उलगडणारी हाक.

तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. ती विसरली होती, तो विसरला नव्हता. सूर्य गेला की ही उद्यापर्यंत उपाशी राहणार, एवढाच त्याचा हिशेब होता.

तिनं घास घेतला. तिला तो गिळवेना. धन्यकुमार तिच्याकडे बघत राहिला, तिनं गिळला तेव्हा कुठे त्यानं स्वतःचं तोंड उघडलं. मग एक घास त्याला, एक तिला, असा सूर्य टेकेपर्यंत त्यांनी डबा संपवला. ट्रॅक्टर येत-जात होते. तिच्या डोळ्यांतलं पाणी भाकरीवर पडत होतं आणि तिला ते पुसायचंही त्राण नव्हतं.

माहूत पुसता येतो, एक बटण दाबलं की कोरा. पण कोऱ्या माहुताला रस्त्यावर परवानगी नाही. मग दुसरी दाता गाडी, परत शिकवणी, आणि मिरजेच्या उपचारांचे दिवस हातचे जाणार. नाहीतर आहे त्यालाच नव्यानं शिकवायचं. प्रत्येक हाकेला उठायचं, खरोखरच उठायचं, कारण देखाव्याला माहूत फसत नाही. किती महिने? तेवढी ताकद कुठून आणायची? तिला आत्ता फक्त झोपायचं होतं. ते मनात आलं म्हणून परत तिची तिलाच लाज वाटली.

तिनं त्याचं तोंड पदरानं पुसलं.

"अहो," ती म्हणाली, "रोज संध्याकाळी हेच विचारत होतात का? मी जेवले का म्हणून?"

त्यानं तिच्या पदराला लागलेला भाकरीचा कण डाव्या हातानं झटकला.

"अगं," तो म्हणाला.

त्याच्या सगळ्या हाका सुरावरून ओळखणाऱ्या त्रिशलाला ही कळली नाही. हो म्हणाला, नाही म्हणाला, की असू दे म्हणाला? ती त्याच्या गुडघ्याला टेकून खालीच बसली. पुढे माहूत जागा होता, दोघांकडे कान लावून. अशा हाकेला काय करायचं असतं हे त्याला अजून कुणी शिकवलं नव्हतं. आणि तिला तरी कुणी शिकवलं होतं?