मास्तरांची राहिलेली पानं

ही गोष्ट खरी आहे. आमच्या आत्याच्या बाबतीत घडलेली. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर द्या सोडून. फक्त जेवताना वाचू नका.

आणि हो, रात्रबित्र काही नव्हती. रविवारची टळटळीत दुपार होती. आत्याची पुढची खोली, खिडकीत ऊन, टेबलावर लॅपटॉप. भुतं अंधाराचीच वाट बघतात, असं कुणी सांगितलं?

आत्या दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर लोकांच्या तोंडाचे साचे हाताळणारी बाई, तिला सहसा कशाची किळस येत नाही. काका गेल्यापासून ती एकटीच असते. रविवारचा ऑनलाइन वाचनकट्टा म्हणजे तिचा जीव की प्राण. चौघंच जण, चार गावांतले. आत्या, एक नर्स, तिला सगळे सिस्टर म्हणायचे, एक निवृत्त बसड्रायव्हर, आणि मास्तर.

नियम सगळे आत्याचे. पुस्तकाची एकच प्रत, ती कुरिअरने घरोघरी फिरवायची. चौघांचं वाचून झाल्याशिवाय पुढचं पुस्तक निवडायचं नाही. मतदान निनावी, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको. आणि एकाचं जरी 'नको' आलं, तर ते पुस्तक बाद.

मास्तर सज्जन माणूस. पण कट्ट्यावर उतारा वाचून दाखवतानाही पान उलटायला बोट चाटायची सवय!

आधी त्यांची सैल कवळी वाजायची... टक्.

मग बोट चाटल्याचा ओला आवाज...

मग पान.

त्यांच्याकडून पुस्तक परत आलं की प्रत्येक पानाचा कोपरा पिवळट आणि कडक झालेला असायचा. आत्या हातमोजे घालून उघडायची. "शी! हा माणूस पुस्तक वाचतो की खातो गं?" असं मला फोनवर विचारायची.

मग मास्तर गेले. झोपेतच. सुनेने पुस्तक कुरिअरने परत पाठवलं. आत्याने पाकीट न उघडता कपाटात कोंबलं, वर दोन जुनी वर्तमानपत्रं टाकली.

त्यानंतरच्या रविवारी तिघं जमले. मास्तरांची आठवण काढून झाली. ड्रायव्हरकाकांनी एक प्रवासवर्णन सुचवलं. सिस्टरला आवडलं, आत्यालाही आवडलं. ग्रुपवर मतदान झालं.

तीन 'हो'.

एक 'नको'.

माणसं तीन... मतं चार.

"मास्तरांचा नंबर अजून ग्रुपात आहे," सिस्टर म्हणाली. "घरातलं कुणीतरी फोनशी खेळत असेल."

आत्याने जड मनाने तो नंबर काढून टाकला. पुन्हा मतदान.

तीन 'हो'. एक 'नको'.

"ताई, ही चेष्टा असेल तर मला नाही आवडली," सिस्टर तडकली. "असंच चालणार असेल तर मी नाही बाई येणार."

"मलाही कसंतरी होतंय," ड्रायव्हरकाका म्हणाले. "बंदच करूया का हे?"

कट्टा मोडला तर रविवारी तिने काय भिंतींशी बोलायचं?

"थांबा ना जरा," ती गयावया करत म्हणाली.

आणि तेवढ्यात...

टक्.

"माइक कुणाचा चालू आहे?" ड्रायव्हरकाकांनी विचारलं.

पण आवाज लॅपटॉपमधून आला नव्हता...

आत्याच्या पाठीमागून आला होता. कपाटातून.

टक्... मग तो ओला आवाज... पण पान काही उलटलं नाही. पाकीट बंद होतं ना!

आत्याने कपाट उघडलं. वर्तमानपत्रं भिजून लगदा झाली होती. पाकीट हाताला बुळबुळीत लागलं. फोडलं तर आत पुस्तक, आणि शेवटाच्या थोडं आधी मास्तरांची खूण. म्हातारा गोष्ट संपायच्या आत गेला होता.

आत्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चौघांचं वाचून झाल्याशिवाय पुढचं नाही. नियम तिचाच होता.

"मी उरलेलं मोठ्याने वाचते," ती म्हणाली. "मास्तरांसाठी. कुणी काही विचारू नका."

हातमोजे चढवून ती वाचायला बसली. पान संपत आलं की कानाशी टक्... मग चाटल्याचा आवाज... आणि उलटायच्या आधीच कोपरा तिच्या चिमटीत ओला व्हायचा. पानं एकमेकांना चिकटलेली. सोडवताना मधे लाळेची तार ताणली जायची. पाणी न बदललेल्या वाटीत कवळी पडून राहिली की येतो ना, तसला वास. आत्याला दोनदा उमासा आला. तोंडावर मनगट दाबून ती वाचत राहिली.

शेवटचं पान मिटलं... आणि आवाज थांबला.

पुन्हा मतदान.

चार 'हो'.

सिस्टर रडायलाच लागली. ड्रायव्हरकाकांनी हात जोडले. आत्या सुटकेच्या भरात हसली आणि सवयीने, दर रविवारी म्हणते तेच, बोलून गेली.

"चला, पुढच्या पुस्तकाला यायचं हं सगळ्यांनी!"

लॅपटॉप बंद केल्यावर तिच्या लक्षात आलं... पण तोवर बोलून झालं होतं.

कट्टा अजून चालू आहे. तिघंच असतात. मतं चार पडतात. त्याबद्दल आता कुणी बोलत नाही.

गेल्या रविवारी मी आत्याकडे गेले होते. दुकानातून आलेल्या कोऱ्या पुस्तकाचं पाकीट तिने माझ्यासमोर फोडलं. पहिलं पान उलटताना तिचं बोट ओठांकडे गेलं.

"आत्या, तू? तुला तर शिसारी यायची ना?"

तिने झटकन हात खाली घेतला. चेहरा कडू झाला होता.

"मी नाही गं चाटत. हात आपोआप वर जातो. आणि जिभेपर्यंत पोचायच्या आधीच बोट ओलं झालेलं असतं."

बोट पदराला पुसत तिने ते पुस्तक मला दिलं. "आधी तू वाच. ये ना कट्ट्यात. रविवारी इथे एकटं बसवत नाही मला."

तिचा पडलेला चेहरा बघून मला नाही म्हणवलं नाही.

पुस्तक मी अजून उघडलेलं नाही. दाराशी कापडी पिशवीत तसंच आहे.

आज बघितलं तर... पिशवीचा एक कोपरा ओला झालाय.