पोपटी घड्याळ

आचोळे रोडवरच्या सिद्धेशच्या घड्याळाच्या दुकानाला पायरी अशी उंच, की एकदा एक गिऱ्हाईक सकाळी चढायला लागलं ते दुपारच्या जेवणाला वर पोचलं. म्हणून सिद्धेश प्रत्येकाला वरून हात द्यायचा. संपदाने तो घेतला नाही. ओढणी खोचली नि एका ढांगेत वर.

काउंटरवर तिने सोनेरी घड्याळ ठेवलं. "सैल होतंय. कड्या काढून द्या."

"भेट आलंय वाटतं?"

"हर्षवर्धन म्हणून एक स्थळ आहे, त्यांच्याकडून. रविवारी बोलणी. हे माझ्या हातात दिसलं की होकार समजायचा, असं त्यांच्या आत्याबाईंनी ठरवलंय."

"आणि तुम्ही?"

"तुम्ही कड्या काढा."

माप घ्यायला त्याने दोरा काढला. तिच्या मनगटावर प्लास्टिकचं पोपटी घड्याळ होतं… त्याने डोळ्यावरचं भिंग वर केलं.

"विरार स्टेशनबाहेर घेतलं," ती फणकारली. "घरी सगळे खेळणं म्हणतात. पण मी नर्स आहे. नाडी मोजायला सेकंदकाटा लागतो, तो यात आहे. तुमच्या त्या सोनेरीत खडे आहेत, काटा नाही."

"माझं कुठे? मी तर तुमच्या पोपटीच्या बाजूचा." तो दोरा गुंडाळत राहिला, उगीचच सावकाश. "आजोबांच्या काळी घड्याळ मिळायचं जावयाला, लग्नात. त्यावरून मांडवात रुसवे. बायकांच्या मनगटाला विचारतंय कोण? मग बॅटरीच्या सेलवर चालणारी आली, रंगीत, स्वस्त. माझ्या आईने पहिल्या पगारात लालभडक घेतलं आणि तेच घालून बोहल्यावर उभी राहिली. आजोबा म्हणाले, शोभत नाही. ती म्हणाली, चालतंय ना?"

संपदा हसली. मग हसल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

त्याने एक कडी काढली. घड्याळ सैलच. दुसऱ्या दिवशी ती परत आली. आणखी एक कडी. तिसऱ्या दिवशी आणखी एक, आणि वर चहा.

चौथ्या दिवशी तिने घड्याळ काउंटरवर आपटलं. "तुम्हाला काम येत नाही का?"

"येतं." त्याने मान खाली घातली. "पण ते बसलं, की तुम्ही यायच्या बंद होणार… म्हणून."

दोन मिनिटांत त्याने उरलेल्या कड्या काढल्या. घड्याळ तिच्या हातावर चपखल बसलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग ते काढून तिने पुढे सरकवलं.

"रविवारी घरी आणून द्या. अकराला."

रविवारी सिद्धेश डबी घेऊन पोचला तेव्हा दिवाणखान्यात पोहे आले होते. संपदाच्या हातात पोपटी घड्याळ. आत्याबाईंची नजर त्यावरच.

"ते खेळणं काढा बरं आता."

"माप… बरोबर आहे," सिद्धेशने डबी पुढे केली.

संपदाने डबी घेतली नाही. त्याचं मनगट धरलं, दोन बोटं नाडीवर ठेवली आणि नजर पोपटी घड्याळावर. वेळ बघायला हर्षवर्धनने मोबाइल काढला. आचोळ्यातली झाडून सगळी घड्याळं तेव्हा थांबली होती, एक सोडून. खोटं वाटत असेल तर तिथल्या कुणालाही विचारा.

"संपदा," बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "लोक काय म्हणतील?"

"किती वाजले विचारतील. मी सांगेन. बाबा, ती डबी त्यांना परत द्या. माझ्या होकाराचं माप दुसऱ्यांनी घ्यायचं नाही."

आत्याबाई उठल्या. "आणि हा कोण?"

"घड्याळवाला. चार दिवस मला फसवत होता. आज याची नाडी एकशे वीसच्या पुढे आहे… आणि माझी मी मोजलेली नाही, पण तशीच असणार."

"आधी हात सोड त्याचा," बाबा म्हणाले.

"थांबा. अजून मिनिट भरलं नाही."

ते मिनिट आजही भरलेलं नाही. दुकानाची पायरी तेवढीच उंच आहे. संपदा ती अजून एका ढांगेत चढते. आणि वर पोचल्यावर मग हात धरते.