पिंगळ्याला मारलेलं ढेकूळ

दिवस नुकताच बुडाला होता. कोकिळा परसात गुडघ्यांवर बसून माती चाचपत होती. तेवढ्यात शेजारच्या माडावरून कोणीतरी सरसर खाली आलं. कमरेला कोयती, पाठीला माडीचं मडकं. धर्मा. तिच्या बाबानं चौलातले आपले माड या फाल्गुनात त्याला माडी काढायला दिले होते. पण इतक्या जवळून तिनं त्याला आजच पाहिलं.

“काय हरवलं गो?”

“ढेकूळ.”

“चौलात ढेकळं कमी पडली काय?”

ती हसली नाही. तिनं त्याला सगळं सांगून टाकलं. तिची थोरली बहीण सगुणा क्षयानं गेली, तो सबंध महिना चिंचेवरचा पिंगळा, ते छोटं घुबड, ओरडायचा. पंधरा दिवसांमागं तो पुन्हा ओरडला आणि कोकिळेनं रागानं ढेकूळ फेकलं. आईनं कपाळाला हात लावला. म्हणे पिंगळा ते ढेकूळ उचलतो, विहिरीत टाकतो. ते पाण्यात विरघळत जातं, तसा मारणारा झिजत जातो. तेव्हापासून कोकिळेच्या घशाखाली घास उतरत नव्हता. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

“मी रोज त्याच्याच शेजारी असतो, वर,” धर्मा म्हणाला. “तो किडे उचलतो, पाली उचलतो. ढेकूळ न्हाय.”

“मग माझं कुठं हाय? सांगा ना!”

धर्मानं पायानं आसपासची माती उकरून पाहिली.

चिंचेच्या ढोलीतून पिंगळा बाहेर आला. फांदीवर बसून मान खालीवर करत त्यानं त्यांच्याकडं टक लावली. चिरर्र… किचकिचकिच! ढोलीतून दुसरा तस्साच किंचाळला. कोकिळा शहारली.

“भांडतात?”

“न्हाय गो. तो बाहेर पडला की तिला हाक मारतो. ती आतून ओ देते.”

“तुमाला बरं कळतं!”

“वरून सगळं दिसतं. तू दिवा घेऊन ओटीवर यायचीस, ते बी दिसायचं… पंधरा दिवस आली न्हाईस.”

तिचे कान तापले. पण लगेच ती म्हणाली, “माझी वाट नका बघू. मी झिजतेय.”

धर्मा वाकला. त्यानं मातीतून एक ढेकूळ उचललं.

“काय करता? नको—” तिनं त्याचं मनगट धरलं. त्यानं ढेकूळ दुसऱ्या हातात घेतलं आणि फेकलं.

फांदीवर ते फुटलं. माती भुरभुरली. पिंगळा खाली झेपावला, नखांत काहीतरी धरून विहिरीवरून पलीकडं गेला. दोघांनी विहिरीकडं कान लावले. पण ढोलीतली मादी इतकी ओरडत होती की पाण्यात काही पडलं की नाही, ते कळलंच नाही.

“येडा हायस काय तू? घरी आय एकटी हाय ना तुझी!”

“हाय. म्हणून मला झिजायचं न्हाय. पण तू जेवलीस तरच मी जेवीन, कोकिळे. न्हायतर… जे तुझं, ते माझं.”

ती रडायला लागली. त्याचं मनगट तिनं सोडलं नव्हतं.

“कोकिळे!” आतून आईची हाक आली. “कोणाशी बोलतेस गो परसात?”

धर्मा हात सोडवू लागला. तिनं आणखी घट्ट धरला.

“धर्माशी, आये! दोन पानं वाढ.”

आतून पाट मांडल्याचा आवाज आला. एक. आणि थोड्या वेळानं दुसरा.