ब्रेक माझ्याकडे आहे

बसा रे नीट सगळे. आणि तू, मघाशी मोठ्या रुबाबात सांगत होतास ना, रात्री रिकाम्या चौकात लाल दिव्याला कोण थांबतंय म्हणून? तू इकडे ये, माझ्यासमोर बस. गॅलरीतला दिवा राहू दे बंद. मी उभा जन्म पोलिसांची क्रेन चालवली, हे तुम्हाला माहीत आहे. मोडक्या गाड्या उचलायच्या आणि आवारात आणून टाकायच्या. त्यातल्याच एका गाडीची ही गोष्ट. ज्याच्या बाबतीत घडली तो माझा रोजच्या चहाचा सोबती. थापच मारायची असती तर मी याहून बरी मारली असती.

त्याचं खरं नाव कोणी घेत नसे. सगळे त्याला सुटका म्हणायचे. वाहतूक कोर्टाच्या जिन्याखाली टेबल टाकून बसायचा. गाडीवर चलान आलं की लोक त्याच्याकडे. तो नुसता गाडीचा नंबर विचारायचा, मोबाइलमध्ये डोकं घालायचा आणि कुठल्या चौकात कुठल्या कॅमेऱ्याने तुम्हाला टिपलंय ते घडाघडा सांगायचा. तुमच्या बायकोला माहीत नसलेल्या गल्ल्यासुद्धा त्याला माहीत असायच्या. चलान चुकून आलेलं असेल तर तो सरळ मार्गाने सोडवायचा. बाकीच्यांसाठी त्याची एक खास युक्ती होती.

युक्ती अशी. कॅमेरा नंबर टिपतो, पण रात्री चालवणाऱ्याचं तोंड काही दिसत नाही. मग मालकाला लिहून देता येतं, की त्या वेळी गाडी मी नव्हतो चालवत, अमका चालवत होता. गुन्हा त्या अमक्याच्या माथी. आणि सुटकाचा अमका नेहमी मेलेला असायचा. मात्र गुन्ह्याच्या वेळी जिवंत हवा आणि नंतर गेलेला हवा, नाहीतर पितळ उघडं पडायचं. नोटीस मेलेल्याच्या घरी जायची, घरचे मृत्यूचा दाखला आणून दाखवायचे, साहेब शिक्का मारायचे. चालक मयत, प्रकरण निकाली. "मेलेला माणूस तक्रार करत नाही," असं म्हणून सुटका बिस्किट चहात बुडवायचा, आणि आम्ही दात काढायचो.

त्याला एकच पोरगा. बायको लवकर गेली, त्यामुळे याने एकट्याने त्याला वाढवलेला, तळहातावरच्या फोडासारखा. पोरगा शाळेची व्हॅन चालवायचा. हात वेगवान आणि डोकं त्याहून वेगवान. लायसनवर आधीच तीन गुन्हे चढलेले. एका संध्याकाळी तो जिन्याखाली येऊन उभा राहिला आणि चौथं चलान बापापुढे ठेवलं. शनिवार, नऊ नोव्हेंबरची रात्र, पावणेबाराची वेळ. मोठ्या चौकात लाल दिवा तोडलेला. आता लायसन जाणार, शाळेचं कामही जाणार.

"मुलं नव्हती ना गाडीत?"

"नाही बाबा. एकटाच घरी येत होतो."

"मग तोंड कशाला पाडलंस? बाप मेला नाही अजून."

सुटकाला नाव शोधायला फार वेळ लागला नाही. दहा तारखेच्या पहाटे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर गेले होते. कुठल्याशा गाडीने त्यांना उडवलं आणि म्हातारा रात्रभर गटाराच्या कडेला पडून राहिला. शनिवारी जिवंत, रविवारी मयत. मूलबाळ नाही, घरी फक्त बायको. सुटकाने झरझर लिहून टाकलं, की त्या रात्री व्हॅन मास्तरांनी मागून नेली होती. गटार त्याच चौकाच्या पुढच्या वळणावर होतं, हे म्हणे त्याच्या ध्यानातच आलं नाही. मला तरी तो तसं म्हणाला. मी नुसती मान हलवली.

मास्तर म्हणजे देवमाणूस हो. निम्म्या शहराला त्यांनी गाडी शिकवली. मला शिकवली, सुटकाच्या पोरालासुद्धा. त्यांच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शेजारी मास्तरांच्या पायाशी. शिकाऊ पोरगं स्टिअरिंगला घोरपडीसारखं चिकटलं की मास्तर शांतपणे म्हणायचे, "घाबरू नको. ब्रेक माझ्याकडे आहे." चाळीस वर्षांत त्यांनी एकही सिग्नल तोडला नाही.

रात्री जेवताना सुटका पोराला म्हणाला, "झालं तुझं काम."

"कोणाचं नाव टाकलंत?"

"मास्तरांचं."

पोराचा घास हातातच राहिला. मग म्हणाला, "दुसरं कोणी नव्हतं का हो?"

"का? त्यांना आता काय फरक पडतो?"

पोरगा ताटावरून उठला. सुटकाने त्याचं उरलेलं जेवण झाकून ठेवलं.

महिनाभराने मास्तरांची बायको जिन्याखाली आली. वाकलेली, काठी टेकत. कोर्टातल्या कोणीतरी तिला सांगितलं होतं, की ते टेबलवाले मदत करतात. तिच्या हातात सुटकानेच पाठवायला लावलेली नोटीस. मी तिथेच चहा पीत होतो.

"यांनी लाल दिवा तोडला असं लिहिलंय हो," ती म्हणाली. "यांनी! आणि ते तर त्या रात्री पायी गेले होते. माझं औषध आणायला."

"काकू, मृत्यूचा दाखला जोडा. एक पैसा भरावा लागणार नाही."

"पैशाचं नाही हो. त्यांच्या नावाला डाग लागला. तेवढा पुसून द्या."

सुटकाला तेव्हा गप्प बसता आलं असतं. पण जीभ सैल ना. "काकू, मेलेल्या माणसाला कसली आलीय अब्रू? जा घरी, आराम करा."

बाई रडली नाही, भांडली नाही. नोटिशीची घडी घातली. "बरं," म्हणाली. "मग त्यांनाच सांगते."

ती गेल्यावर सुटका हसला. मी नाही हसलो, आणि चहासुद्धा अर्धा टाकून निघालो.

त्या आठवड्यापासून पोराची गाडी सुधारली. लाल दिवा लागला की व्हॅन बरोबर पांढऱ्या पट्ट्याच्या मागे. सुटका रोज नंबर टाकून बघायचा, नवीन चलान एकही नाही. खूश झाला. "पोरगं सुधारलं बरं का," मला सांगायचा. पोरगा मात्र वाळत चालला होता. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. पुढची सीट रिकामी ठेवायचा, तिथे शाळेतल्या कुठल्याच मुलाला बसू द्यायचा नाही.

मग आला जानेवारीचा दुसरा शनिवार. रात्री अकरा वाजून गेलेले. पोरगा घरात आला आणि दाराशीच खाली बसला.

"बाबा, गाडी मी थांबवत नाही."

"म्हणजे?"

"आपोआप थांबते. माझा पाय ब्रेकवर जायच्या आधीच. आणि शेजारून आवाज येतो. घाबरू नको म्हणतात. ब्रेक माझ्याकडे आहे म्हणतात."

सुटकाने दार आतून लावून घेतलं.

"त्यांना मीच उडवलं, बाबा. मोबाइल बघत होतो. मी थांबलो होतो हो! खाली उतरलो. ते जिवंत होते. त्यांनी मला ओळखलं. नावाने हाक मारली. म्हणाले, घाबरू नकोस, फक्त दवाखान्यात ने..."

"आणि?"

"आणि मी निघून आलो."

मग सुटकाने खालच्या आवाजात विचारलं, "कोणाला बोललास?"

"कोणाला नाही."

"मग कोणी उडवलं नाही."

पोरगा बापाकडे बघतच राहिला. मग उठला, व्हॅनची किल्ली घेतली. "मी पोलिस ठाण्यात चाललोय. गाडी मी चालवत होतो असं सांगतो. त्यांच्या नावावरचं काढून टाकतो. मला सुटायचंच नाहीये आता."

"वेडा झालास का? जन्माचा आत जाशील!"

"जाऊ दे."

पोरगा ऐकत नाही म्हटल्यावर सुटका चपळाईने बूट घालून निघाला. "थांब, मीही येतो." वाटेत पोराचं मन वळवू, हा त्याचा डाव. आयुष्यभर दुसऱ्यांची मनं वळवली, आपल्याच रक्ताचं वळणार नाही? तो मुद्दाम शेजारच्या सीटवर बसला. "बघू कोण येतं इथे," म्हणाला.

रस्ता सामसूम. व्हॅन वेगात. सुटका बोलत होता, सारखा बोलत होता. वकील बघू, गाडी विकून टाकू, तुला परगावी धाडू. पोरगा फक्त समोर बघत होता. लांबवर मोठा चौक दिसला.

दिवा लाल.

पोराने पाय सैल सोडला. रोजच्या सवयीने. गाडी थांबायची वाट बघत बसला.

गाडी थांबली नाही.

"बाबा..."

त्याने ब्रेक दाबला. पेडल तळाला टेकलं. पुन्हा दाबला. काहीच नाही.

"बाबा, ब्रेक लागत नाही!"

आणि सुटकाच्या बुटाखाली काहीतरी आलं. जिथे नुसती रबराची चटई होती, तिथे. कडक. लोखंडी. जरा दाबल्यावर खाली जाणारं... पेडल.

मागून, शाळेच्या मुलांच्या रिकाम्या बाकांवरून, कोणीतरी शांतपणे बोललं.

"घाबरू नको. ब्रेक तुझ्याकडे आहे."

सुटकाने सगळा जीव एकवटून पाय दाबला. गाडी जराशी दबली. वेग उतरला. चाकं करकरली. लागत होता. ब्रेक लागत होता!

"फक्त एवढंच सांग. त्या रात्री गाडी कोण चालवत होतं?"

चौक जवळ. आडव्या रस्त्याने टँकर येत होता.

"सांगा ना बाबा! माझं नाव सांगा!"

एक शब्द. पोराचं नाव. त्याने स्वतः ठेवलेलं. सुटकाने तोंड उघडलं...

पोराचं नाव गुन्ह्याला कधी लावायचं नाही. एवढंच त्याच्या जिभेला येत होतं. एवढंच ती जन्मभर शिकली होती.

"तुम्ही," तो म्हणाला. "मास्तर, तुम्ही चालवत होता."

...

आणि पायाखालचं पेडल गेलं.

पहाटे मला बोलावणं आलं. व्हॅनची चालकाची बाजू उरलीच नव्हती. शेजारची बाजू जशीच्या तशी. सुटकाला साधं खरचटलंही नव्हतं. फुटपाथवर बसला होता, एका पायात बूट, एक पाय उघडा. "मी दाबला होता रे," एवढंच म्हणत होता. "लागला होता ब्रेक." बाकीचं त्याने मला पुढे दवाखान्यात सांगितलं, एकदाच. मग तो विषय कधी काढला नाही.

त्या रात्रीच्या सिग्नलचंही चलान आलं, बरं का. यंत्राला काय कळतंय. साहेबांनी शिक्का मारला. चालक मयत, प्रकरण निकाली. मास्तरांच्या नावावरचं मात्र अजून तसंच आहे. सुटकाने ते खोडलं नाही. खोडलं तर पोराच्या माथी जाईल ना, मेलेल्या पोराच्या. म्हातारी त्याच्या टेबलाशी अजून दोनदा येऊन गेली. तो तिच्याकडे वर मान करून बघतही नाही.

गाडी मी आवारात आणली. मेकॅनिकने ब्रेक तपासला, ठणठणीत. मी दुसऱ्या बाजूची चटई उचलून पाहिली. खाली साधा पत्रा. पेडल नाही, पेडल कधी बसवल्याचं भोकसुद्धा नाही.

तिथेच कोपऱ्यात सुटकाचा दुसरा बूट पडलेला होता. मी तो उचलला आणि उलटा केला.

तळव्याचं रबर चेपून आत गेलं होतं. चौकोनी. त्यावर आडव्या उभ्या रेघा. मी मास्तरांच्या गाडीवर शिकलोय रे पोरांनो. ब्रेकच्या त्या रेघा मला डोळे मिटूनही ओळखता येतात.