डावी नळी कोणती?

साठ विद्यार्थ्यांपैकी बावन्न जणांचं उत्तर चुकलं होतं.

ऋजुताच्या आजोबांनी, प्राध्यापक दिगंबर कुलथे यांनी, चष्मा काढून टेबलावर ठेवला. श्वासयंत्र (आजारी माणसाला श्वास पुरवणारं यंत्र) कसं जोडायचं, हे ते विद्यापीठात सव्वीस वर्षं शिकवत होते. धडा तोच, शिकवणारे तेच. मग असं का व्हावं?

२०५१ सालच्या साथीत विद्यापीठ बंद झालं आणि आजोबा घरून, पडद्यावर शिकवू लागले. सोमवारी हीच मुलं रुग्णालयात कामाला लागणार होती. ऋजुताची आई तिथे परिचारिका होती. अकरा दिवस ती घरी आली नव्हती. "माणसं कमी पडताहेत गं," एवढंच फोनवर म्हणायची. यंत्राच्या नळ्या उलट जोडल्या तर रोगी दगावू शकतो, हे ऋजुतालाही ठाऊक होतं.

"मला हे जमत नाही," आजोबा म्हणाले. "काळ्या चौकोनांशी बोलतोय मी. कळवून टाकतो, दुसरं कुणी बघा म्हणावं."

"दुसरं कुणी नाही, सर," सातू म्हणाला. प्राध्यापकांच्या मदतीला विद्यापीठाने यंत्रमानव पाठवले होते, त्यातलाच हा एक. "शेवटचा तास सुरू व्हायला वीस मिनिटं आहेत. ऋजुता, डोळे मिट आणि या पेल्यात पाणी ओत."

"आत्ता?"

"आत्ताच."

तिने ओतलं. पाणी पेल्यातून टेबलावर, टेबलावरून आजोबांच्या कागदांवर.

"अगं, माझी टिपणं!"

"आता दुसरा पेला," सातू शांतपणे म्हणाला. "डोळे मिटलेलेच, पण काठाच्या आत बोट धर."

पाणी बोटाला लागलं तशी ऋजुता थांबली. थेंबही सांडला नाही.

"काय बदललं?"

"पेला भरला ते मला कळलं."

"यालाच प्रत्याभरण म्हणतात (आपण केलेल्या कामाचा परिणाम आपल्याला परत कळणं, म्हणजे पुढचं काम सुधारता येतं). वर्गात सरांना चेहरे दिसायचे. कुणाच्या कपाळाला आठी पडली की सर थांबायचे, पुन्हा सांगायचे. आता गावोगावी रेंज कमी, म्हणून मुलांचे कॅमेरे बंद. सर डोळे मिटून ओतताहेत."

आजोबांनी ओले कागद झटकून बाजूला ठेवले.

"मग बोट कुठे धरायचं?" ऋजुताने विचारलं आणि तिचं तिलाच सुचलं. "आकडा! चेहरा जात नसेल, पण आकडा तर जाईल ना? मध्ये मध्ये एकच प्रश्न विचारायचा. उत्तर एक किंवा दोन."

"मी शिकवू की परीक्षा घेऊ?"

"परीक्षा नाही हो, आजोबा. तुम्हाला कळावं म्हणून!"

तास सुरू झाला. टेबलावर श्वासयंत्र, त्याच्यामागे आजोबा, समोर कॅमेरा. श्वास आत नेते ती डावी नळी, असं सांगून पाचच मिनिटांत त्यांनी एकेका नळीला बोट लावत विचारलं, "श्वास आत नेणारी नळी कोणती? ही असेल तर एक, ही असेल तर दोन."

आकडे येऊ लागले. एक, एक, एक... एकोणपन्नास वेळा एक. चूक!

आजोबांचा चेहरा उतरला. ऋजुता कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभी राहिली, तिथून यंत्राकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आजोबा, तुमच्या डावीकडची नळी इथून उजवीकडे दिसते."

आजोबांनी यंत्राकडे नीट पाहिलं. वर्गात ते मुलांकडे पाठ करून, यंत्राकडे तोंड करून शिकवायचे. तेव्हा त्यांची डावी बाजू तीच मुलांची डावी बाजू असायची. घरी मात्र यंत्राचं तोंड त्यांच्याकडे होतं आणि मुलांना ते पलीकडून, उलट दिसत होतं.

"मुलांनो, माझंच चुकलं," ते म्हणाले. त्यांनी यंत्र फिरवलं, श्वास आत नेणाऱ्या नळीला लाल फीत बांधली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. मग पुन्हा प्रश्न विचारला.

अठ्ठावन्न बरोबर. दोन चूक.

"अठ्ठावन्न म्हणजे पुष्कळ झाले," ऋजुता कुजबुजली.

"त्या दोघांसमोरही रोगी असणार आहे," आजोबा म्हणाले आणि पडद्याकडे वळले. "ज्यांचं चुकलं त्यांनी लाजू नका. मी थांबलोय."

मग एका काळ्या चौकोनातून तुटक आवाज आला, "सर, मी बोलू का? नळीतली ती हवा उलटी येऊ न देणारी झडप मला कळलीच नाही."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पलीकडून कुणी बोललं होतं. आजोबांनी घाईघाईने चष्मा चढवला, खुर्ची पुढे ओढली.

"बोल बाळा," ते म्हणाले. "कुठपर्यंत कळलं, तिथून सांग."